ओमानला जायचं, पण कधी?

मे महिन्यात मस्कतची हॉटेलं एवढी स्वस्त कशी, असं मी तिथे नोकरीला असलेल्या मावसभावाला विचारलं. "ये की! दिवसभर एसीत बस, संध्याकाळी मॉल बघ आणि परत जा," म्हणाला. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, शिवाय समुद्रकाठ असल्यामुळे घाम वाळत नाही. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन मजुरांना उघड्यावर राबवायला सरकारचीच बंदी असते. झालं, उन्हाळी सुट्टी बाद.

मार्च मनात होता, पण 2023 मध्ये रमजान मार्चअखेरीस येत होता (दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो). दिवसा बरीचशी खाण्याची ठिकाणं बंद, चारचौघांत पाणी पिणंही कायद्याने मना. बाबांना मधुमेह, दर दोन-तीन तासांनी पोटात काहीतरी लागतंच. तेही बाद.

नणंदेने ओमानच्या दक्षिणेचं सलालाह शहर सुचवलं. आपल्याकडे पाऊस आणणारे तेच नैऋत्य मोसमी वारे तिथे जूनअखेर ते सप्टेंबर धुकं आणि भुरभुर घेऊन येतात, भोवतालच्या दोफार प्रांतातले डोंगर हिरवेगार होतात. आखाती देशांतून लोक गाड्या काढून ते बघायला येतात. आम्ही पडलो चिपळूणचे. भुरभुर पाऊस बघायला व्हिसा कोण काढणार?

डिसेंबरची हवा उत्तमच, पण नाताळचे दर बघून मी पानच बंद केलं.

राहिली दिवाळीची सुट्टी. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, म्हणून जमलं. दिवाळी ऑक्टोबरात असती तर मी नाहीच म्हटलं असतं. तेव्हा मस्कतची दुपार पस्तिशीच्या घरात असते. भाऊबीज उरकून निघालो. नोव्हेंबरातही भरदुपारी मत्राहच्या बाजारातून समुद्राकडे बाहेर पडलं की ऊन चटका देतं, पण तीस-एकतीस अंश आपल्याला सोसतात.

खरा फरक कळला तो शर्कियाच्या वाळवंटात. दुपारी चारला वाळू वरवर कोमट, हात मनगटापर्यंत खुपसला की आत गार. मुलं अनवाणी टेकडीवर चढली. जुलैत हे करून बघा! साडेपाचच्या आत सूर्य बुडाला आणि तासाभरात बाबांनी स्वेटर मागितला. सकाळी गाडीच्या काचेवर दव, कॅम्पच्या बाहेरच्या गाद्या ओलसर.

एक अडचण मात्र खरी: दिवस लहान. निझवा गावचा शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार भल्या पहाटे गाठावा लागला आणि वादी शाबमधून (वादी म्हणजे डोंगरातल्या नदीची दरी) अंधाराआधी बाहेर पडायची घाई झाली. वादीत जायच्या दिवशी पावसाचा अंदाज बघाच, डोंगरात पाऊस झाला तर खाली कोरड्या पात्रात अचानक लोंढा येतो.

जबल अखदर या डोंगरावरचे गुलाब हुकले. ते फुलतात मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे नेमक्या आमच्या वार्षिक परीक्षांच्या दिवसांत.