सांगलीत परदेशी स्वयंपाकाचे क्लास: माझा अनुभव

विश्रामबागेत घरीच क्लास घेते, मेक्सिकन, इटालियन, थाई असं. सुरू करताना बऱ्याच जणी म्हणाल्या की इथं पिझ्झा-पास्ता सोडून कोण काय शिकायला येणार, पण मला पाकिटं फोडून सॉस ओतायला शिकवायचंच नव्हतं. तिकडं घरात हे पदार्थ मुळात कसे करतात आणि आपल्या मार्केट यार्डात, गणपती पेठेत मिळणाऱ्या मालात ते कसे उतरतात, हे दाखवायचं होतं.

सगळ्यात जास्त वेळ टोर्टियानं, म्हणजे मेक्सिकोतल्या पातळ भाकरीनं, खाल्ला. मैद्याचा टोर्टिया उत्तर मेक्सिकोत खातात, तोही खराच, पण मला मक्याचा हवा होता आणि आपलं साधं मक्याचं पीठ थापलं की कडा फुटतात. तिकडं वाळका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, मग चोळून धुवून साल काढतात आणि ओलाच वाटतात. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम खायचा चुना, भांडं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. चुन्यानं साल सुटतं, पीठ धरून राहतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला पण ही रीत काय बरोबर गेली नाही, त्यामुळं उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार व्हायचा. हे सांगितलं की सगळ्या हातातलं काम थांबवून ऐकतात, मला तो भाग फार आवडतो. आणि भाकरीचा हात असला की प्रेसबिस काही लागत नाही, कवठेमहांकाळकडच्या एक काकू आल्या होत्या, त्यांनी पहिलाच टोर्टिया काय सुंदर थापला!

पास्त्याला दक्षिण इटलीची पद्धत घेतली, नुसता रवा आणि पाणी, अंडं नाही. पुलिया भागात ऑरेक्किएत्ते करतात, छोटा गोळा अंगठ्यानं ओढून कानासारखा. ज्यांनी लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, नखुल्या वळल्यात त्यांना हे लगेच जमतं, तरुण पोरींना जरा वेळ लागतो. खपली गव्हाचाही करून बघितला, इटलीत हाच गहू फार्रो म्हणून खातात. चव मस्तच, पण पीठ ताणलं की तुटतं, म्हणून निम्मा साधा रवा घालते.

आपल्याकडं जैन घरं बरीच, त्यामुळं थाई करी पेस्ट दोन प्रकारची करावी लागते. कांदा, लसूण, आलं, ओली हळद काहीच चालत नाही, मग सुंठ, वाळकी हळद, धने, लिंबाची पानं. मुळात त्यात झिंग्याची पेस्ट असते आणि आपण ती वगळतोय हे मी स्पष्ट सांगते, मूळ पदार्थ लपवून ठेवायचा नाही. चातुर्मासात क्लास दुपारीच घेते, म्हणजे सगळ्यांना सूर्यास्ताआधी खाऊन घरी जाता येतं.

पुढच्या बॅचला कुसकुस हा उत्तर आफ्रिकेतला रव्याचा पदार्थ घेणार आहे. रव्यावर पाणी शिंपडून, पीठ भुरभुरून तळहातानं वळायचा, चाळायचा आणि वाफवायचा. अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांच्या मिळून अर्जावर 2020 मध्ये युनेस्कोनं त्याची वारसा यादीत नोंद केली. वाफवायला मोदकपात्र वापरणारे, फक्त चाळणीची भोकं मोठी आहेत म्हणून खाली मलमलचं फडकं घालावं लागेल.