महिंद्रा एफसी-१५० घरच्या अंगणात: सातवा महिना आणि ब्लॉकमधला चिखल

गेल्या शनिवारी दुपारी साडेतीनला गाडी जुळे सोलापुरातून निघाली, विजापूर रोडने सात रस्त्यापर्यंत गेली, सिग्नलला उभी राहिली आणि न उकळता घरी परत आली. बाहेर ४१ अंश होते. दोन महिने मी याच एका गोष्टीमागे होतो, त्यामुळे आजची नोंद जवळपास सगळी पाण्यावरच आहे. बाकी कामांचा हिशेब मधेमधे देतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: सात महिन्यांपासून घरीच दुरुस्त करतोय ती गाडी १९७२ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप, पेट्रोल. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. नाक नाही, ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटच्या मधे पत्र्याच्या पेटीखाली असतं. जीप बनवणाऱ्या विलीज कंपनीने हे मॉडेल अमेरिकेत १९५७ सालासाठी आणलं, तिकडे १९६५ला ते बंद झालं आणि आपल्याकडे महिंद्राने पुढे चालू ठेवलं. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ८१ इंच, म्हणून आमच्या बोळातसुद्धा दोन फेऱ्यांत वळते. माझी गाडी आधी साखर पेठेतल्या एका कारखान्याच्या चादरींच्या गाठी स्टेशनवर पोचवायची. नंतर मोहोळकडच्या एका शेतात बाभळीखाली अकरा वर्षं उभी होती. ३८,००० रुपयांना घेतली. वर दीड लाखाच्या पुढे जायचं नाही असं घरी कबूल केलंय. आजपर्यंत ९६,४०० झालेत.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण एकच सांगतो: "डिझेल इंजिन टाक की बे, कशाला पेट्रोल जाळायलास?" मी ते करणार नाही. एक तर ती मग ही गाडी राहत नाही. दुसरं, २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या चारचाकीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० आणि ती दहा वर्षं चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट. त्या पाटीवर तीन इंग्रजी अक्षरं आहेत आणि मला ती तशीच हवी आहेत. नियमात अशा गाडीचा धंद्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी उपयोग करता येत नाही. मला भाडी मारायचीच नाहीत.

तर इंजिन हरिकेन, २१९९ सीसी, चार सिलिंडर. ज्यांनी कधी उघडलं नाही त्यांना सांगतो, याची रचना फार देखणी आहे: हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये (इंजिनाच्या झाकणात) आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाच्या) कुशीत. म्हणजे सगळ्यात तापणारा भाग ब्लॉकमध्येच, सिलिंडरला खेटून. तिथलं पाणी फिरलं नाही तर रेडिएटर कितीही स्वच्छ असो, काही उपयोग नाही. हे मला आता कळलंय. फेब्रुवारीत कळलं असतं तर चार हजार वाचले असते.

फेब्रुवारीत लक्षण असं होतं. उभ्या जागी अर्धा तास चालवा, तापमानाचा काटा मधोमध. रस्त्यावर चार किलोमीटर गेलं की काटा उजवीकडे झुकायचा, इंजिनची पेटी इतकी तापायची की डावा पाय जवळ ठेवता यायचा नाही, आणि घरी येईपर्यंत झाकणातून फुसफुस. मी सगळ्यांसारखं आधी रेडिएटरकडे बघितलं. अशोक चौकाकडच्या एका कारागिराने वरची टाकी झाळण काढून उघडली, नळ्यांतून सळ्या घातल्या, पुन्हा झाळली. २,२०० रुपये. काम त्याने चोख केलं, नळीनळीतून उजेड दिसत होता. गाडी तशीच तापली.

मग टायमिंग. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं, हे खरंच आहे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.०२० इंच केली, टायमिंग ५ अंश आधी लावलं. चालताना गाडी हलकी झाली, चढावर खेचायला लागली, पण काटा जिथल्या तिथे.

मग थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) बघायला गेलो तर तो नव्हताच. जुन्या कुठल्या तरी मेकॅनिकने काढून टाकला होता, आपल्याकडे तापणाऱ्या गाडीवर पहिला उपाय तोच. मी ८२ अंशांचा नवा घेतला. बसवायच्या आधी आईच्या पातेल्यात दोरीला बांधून गॅसवर ठेवला आणि शेजारी थर्मामीटर धरला. ८१ला तोंड हललं, नव्वदच्या आसपास पूर्ण उघडलं. नवा पार्टसुद्धा असा तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. थर्मोस्टॅटने सकाळी इंजिन लवकर गरम व्हायला लागलं. दुपारी उकळणं चालूच.

इथे दिशा सापडली ती टॉवेलच्या कारखान्यात. मी तिथे मेंटेनन्सला आहे. डाईंगच्या मशीनवर लांबून तापमान दाखवणारी बंदूक वापरतात, ती रविवारी मागून आणली. गाडी तापवली, पेटी काढली आणि हेडवर पुढून मागे चार ठिकाणी नेम धरला. पहिल्या सिलिंडरपाशी ८८. दुसऱ्यापाशी ९३. तिसऱ्यापाशी १०६. चौथ्यापाशी ११७. तीनदा मोजलं, तीनदा तोच उतार.

लेथवाले अण्णा त्या दिवशी पेडलचा बुश द्यायला आले होते. त्यांचं आयुष्य पॉवरलूमचे पार्ट कातण्यात गेलं, मोटारीचं काम ते घेत नाहीत, माझं घेतात. आकडे ऐकून त्यांनी एकच विचारलं, "ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉक उघडलास काय?"

"उघडला की अण्णा. पाणी संपलं होतं बहुतेक, काही आलं नाही."

"रेडिएटर भरलेला हाय, कॉक खाली हाय. पाणी कसं संपतंय?"

मी गप्प बसलो. कॉक पुन्हा उघडला. थेंब नाही. सायकलच्या स्पोकचा तुकडा आत घातला, दोन इंचांवर तो मऊसर कशात तरी रुतला. फिरवून बाहेर ओढला तर टोकाला लालसर चिखल, ओल्या विटेच्या भुग्यासारखा, आणि त्यात पांढरे कण. कॉकमधून मग एक गढूळ थेंब आला आणि थांबला.

"पुढं पाणी, मागं माती," अण्णा म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

पुढचे दोन रविवार त्यातच गेले. मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा नळ, उतरवला (एक स्टड तुटला, तो वेगळा ताप), ब्लॉकच्या बाजूच्या गोल पत्र्याच्या टोप्या छिन्नीने वाकवून काढल्या. मागच्या टोपीमागे पाण्याची जागा दिसलीच नाही. चौथ्या सिलिंडरच्या भोवती चिखल गच्च बसला होता, खाली दगडासारखा आणि वर चिकणमातीसारखा. पन्नास वर्षं बोअरचं पाणी घातल्यावर दुसरं काय होणार? आपल्या भागात बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच इथे गंजाबरोबर मिसळून बसलेला. स्पोक, जुना स्क्रू-ड्रायव्हर आणि क्लच केबलची वायर पिळून केलेला ब्रश, एवढ्यावर खरवडलं. निघालेला चिखल डालड्याच्या जुन्या डब्यात गोळा केला. डबा अर्ध्याच्या वर भरला.

उरलेल्या कठीण थरासाठी लिंबाचं फूल, अर्धा किलो, कोमट पाण्यात विरघळवून भरलं. टोप्या नव्या बसवल्या होत्या. इंजिन वीस मिनिटं चालवलं, तासभर तसंच ठेवलं, सोडलं. पाणी चहाच्या रंगाचं. पुन्हा एकदा तसंच. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी खालून वर उलट्या दिशेने, स्वच्छ येईपर्यंत. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे या धुण्याचं वेळापत्रक नळाच्या वेळापत्रकावर बेतावं लागलं, आणि धुतलेलं शेवटचं पाणी झाडांना घातलं. आता आत निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आहे. बोअरचं पाणी या इंजिनात पुन्हा जाणार नाही.

परत मोजलं: ८६, ८७, ८९, ९१.

मला त्या चार आकड्यांनी जेवढा आनंद झाला तेवढा इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हाही झाला नव्हता.

आता इतर कामं.

पेट्रोलची टाकी आणि गंजलेले बारीकसारीक भाग काकवीत काढले. गुऱ्हाळावरची आंबलेली, विकायला न चालणारी काकवी अगदी स्वस्तात मिळते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, टाकीत काठोकाठ भरून बारा दिवस. गंज हळूहळू विरघळतो, चांगल्या लोखंडाला काही होत नाही. वास येतो, मुंग्या येतात, शेजारी विचारायला येतात. दोन गोष्टी सांभाळा: ॲल्युमिनियम किंवा कार्बोरेटरच्या धातूचं काही त्यात टाकू नका, ते खाल्लं जातं, आणि बाहेर काढल्यावर लगेच धुऊन, वाळवून तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा लाली चढते. टाकीच्या आतला पत्रा आता राखाडी दिसतो.

टाकीबरोबर सगळे रबरी पाइपही बदलले. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा पापडासारखा कडक झाला होता. इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराचे पाइप महाग पडतात, पण इंजिन केबिनच्या आत आहे. तिथे पेट्रोल झिरपलं तर पायाशीच. इथे पैसे वाचवायचे नाहीत. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, आत हवेला जागा नको.

ब्रेकमध्येही पैसे वाचवायचे नाहीत. पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर एकच आणि चारही चाकांना एकच लाइन, म्हणजे कुठेही फुटली की सगळे ब्रेक गेले. मास्टर आणि चारही व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले होते. अण्णांनी स्टेनलेसचे स्लीव्ह बसवून दिले, शूजला नवे लायनर रिव्हेट करून आणले. हवा काढताना मुलगा पेडलवर होता. "दाब… धर… सोड." सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून चार चाकं, दीड तास. पेडल आता वरच घट्ट लागतं.

डावीकडची चाकं काढताना एक चूक झाली ती सांगून ठेवतो. नट निघेना म्हणून पाइप लावून जोर केला आणि स्टड तोडला. डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला होता, ग्रीसखाली दिसला नाही. आधी वायर ब्रश मारून बघा. आणि पाने इंचीच लागतात, ७/१६, १/२, ९/१६. मिलिमीटरचा पाना बसतोय असं वाटतं आणि नटाचे कोपरे जातात. मंगळवार बाजारात जुन्या पान्यांच्या ढिगातून पूर्ण सेट ७०० रुपयांत जमवला.

हौद्याचा तळ अजून बाकी आहे. मूळ पत्र्याला लांबीभर उठावाच्या रेघा आहेत आणि तसा पत्रा तयार मिळत नाही. धान्याच्या कोठ्या आणि पेट्या बनवणारे एक काका आहेत, त्यांच्या मशीनवर तशाच रेघा पडतात. दीड फुटाचा तुकडा करून बघितला, अंतर अर्ध्या सुताने कमी आलं. काका म्हणाले, चाक बदलून देतो, गुढीपाडव्याची गर्दी सरू दे. ती सरली, आता परत जायचंय. केबिनच्या तळाला १८ गेजचा पत्रा लावून झालाय. आर्क वेल्डिंगने पातळ पत्रा जळतो, म्हणून एकेक टिपका मारून, ओल्या फडक्याने निववत, तीन रात्री.

रंग शेवटी. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे सापडला, पोपटी आणि राखाडीच्या मधला. नमुन्याला तिथला नखाएवढा तुकडा खरवडून कागदात ठेवलाय.

शनिवारच्या फेरीत नवीन गोष्ट कळली ती स्टीअरिंगची: मधोमध चार बोटं खेळ आहे. किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग की ड्रॅग लिंकचे (स्टीअरिंगचा जोर चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचे) बॉल, ते पुढच्या रविवारी जॅकवर चढवून बघतो. आणि मागच्या फाळक्याच्या साखळ्या, दोन्ही, कुणाकडे एफसीच्या मूळच्या पडून असतील तर सांगा. ट्रकच्या साखळ्या लावून बघितल्या, कडी जाड आहे, फाळका पूर्ण खाली येत नाही.