तुम्ही विचारलंत म्हणून: मी सेलला का येत नाही

"नवी पेठेत सेल लागलाय, चल की!" ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, नणंद म्हणते. मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "चार पैसे वाचतात ते नको का तुला?" दरवेळी मी "वेळ नाही" सांगून सुटते. आज खरं सांगते.

हिशेब कळत नाही म्हणून मी फसले, असं नाही. पन्नास अधिक वीस टक्के सूट म्हणजे सत्तर नव्हे, हे मला आधीही कळत होतं. हजाराची साडी आधी 500 ला येते आणि त्यावर वीस टक्के सुटून 400 ला, म्हणजे सूट साठच. तीनवर एक फ्री म्हणजे पंचवीस टक्के, तेही चौथी वस्तू लागणार असेल तर. हे सगळं येत असूनही मी फसले.

2023 चा जानेवारी. सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला होता, मेमध्ये लेकीचं लग्न होतं. आहेरासाठी टॉवेल हवे होते. एका दुकानात दोनवर दोन फ्री, किंमत 399. चार टॉवेल 798 ला, म्हणजे एक दोनशेच्या आत. मी 48 घेतले. नानांना विचारलं नाही. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चाळीस वर्षं यंत्रमागावर होते, टॉवेलच विणायचे. त्यांना विचारलं की ते कारखान्यात फोन करणार, मालकाला गळ घालणार. मला ते नको होतं. तेव्हा वाटलं, त्यांना त्रास नको म्हणून. आता वाटतं, दुकानाची चकचकीत पिशवी मला जास्त आवडली होती.

घरी नानांनी एक टॉवेल उचलला, तळहातावर तोलला आणि स्वयंपाकघरातला काटा मागितला. 290 ग्रॅम. "तीस बाय साठ इंचाला साडेचारशेच्या आसपास पाहिजे गं," एवढंच म्हणाले. मग किमतीच्या लेबलाचा कोपरा नखानं उचलला. खाली छापलेलं होतं 180 रुपये.

छापील किमतीवर जादा किमतीचं लेबल डकवायला 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत बंदी आहे. किंमत कमी करायची असेल तर लेबल चालतं, तेही मूळ आकडा न झाकता. हे मला नंतर समजलं. दुकानात गेले, तर बिलावरचं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" दाखवलं. सदोष माल परत न घेणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन करता आला असता. मी केला नाही. घरात लग्न होतं, असं म्हणते मी. पण लग्न होऊन गेल्यावरही केला नाहीच.

दुसरे घ्यायला पैसे उरले नव्हते, तेच टॉवेल वाटले. मांडवात नानांच्या एका जुन्या जोडीदारानं टॉवेल उलगडला, दोन बोटांत चिमटून पाहिला. माग चालवलेल्या माणसाला उजेडात धरून बघायची गरज नसते. "नाना, तुमच्याच कारखान्यातले का ओ?"

नाना म्हणाले, "व्हय."

मी तिथंच अक्षतांचं ताट धरून उभी होते. चाळीस वर्षांत ज्या माणसानं एक धागा तुटला तरी माग थांबवला, त्यानं लेकीची लाज राखायला तो विरळ माल आपला म्हणून सांगितला. छापील किमतीपेक्षा 936 रुपये जास्त गेले, ते मी विसरले असते.

सगळेच सेल खोटे, असं माझं म्हणणं नाही. हंगाम संपल्यावर दुकानदाराला माल काढायचाच असतो, तेव्हा खरंच स्वस्त मिळतं. मैत्रिणींना मी मूर्ख समजते, असंही नाही. कमी पगारात घर चालवणाऱ्या बाईनं दोन पैसे शोधायचे नाहीत तर काय करायचं? पण "मग तू ये की" म्हणालात, तर पाय उचलत नाही.

मागच्या महिन्यात एकटीच गेले होते. उशांचे अभ्रे बघितले, छापील किंमत नखानं खरवडून पाहिली, शिवण ताणून पाहिली. चांगले होते, निम्म्या किमतीत होते. घेतले. नानांना अजून दाखवलेले नाहीत.