तुम्ही विचारलंत म्हणून : शब्दकोड्यांनी माणसे बोलती होतात का?

तुम्ही विचारलेत, आणि तुमच्याआधीही अनेकांनी विचारले आहे, की ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, चालणाऱ्या लेखनमंचावर मी रोज प्रोग्रामकरवी एक शब्दकोडे टाकतो, त्याने लोकांचा सहभाग खरोखर वाढतो का, की नुसता प्रतिक्रियांचा आकडा फुगतो. दोन्ही घडू शकते, आणि मी दोन्ही अनुभवले आहे. यांपैकी काय घडेल, हे आपण मत, म्हणजे लेखनाला पसंतीची खूण, कशासाठी देतो यावर ठरते. मला ते उशिरा उमगले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्यांचा या मंचांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. स्टीम ही साखळी २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून फुटून मार्च २०२० मध्ये हाइव्ह वेगळी झाली. मी लिहितो ते हाइव्हवर. तेथे दर ३ सेकंदांनी नवा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, तयार होतो आणि तेवढ्या वेळात आलेली प्रत्येक पोस्ट, प्रत्येक प्रतिक्रिया व प्रत्येक मत त्यात कायमचे नोंदले जाते. ७ दिवसांत मिळालेल्या मतांवरून मोबदला ठरतो. त्यातला निम्मा लिहिणाऱ्याला आणि निम्मा मते देणाऱ्यांना मिळतो. म्हणजे लिहिण्याला मोबदला आहे, मत देण्यालाही आहे, वाचण्याला मात्र नाही. त्यामुळे लिहिणारे पुष्कळ आणि एकमेकांचे वाचणारे थोडे, अशी अवस्था तिथे सहज येते. कोडे घालण्याची कल्पना मला सुचली ती हेच पाहून.

पहिले रूप साधे होते. प्रोग्राम यादीतला एक शब्द उचलायचा, त्याची अक्षरे उलटसुलट करून पोस्ट टाकायचा, पुढच्या ब्लॉकांमधल्या प्रतिक्रिया तपासत राहायचा, आणि ज्याचे उत्तर सर्वांत आधी बरोबर येईल त्याला माझ्या खात्यातून आपोआप मत द्यायचा.

अक्षरे उलटसुलट करणे देवनागरीत वाटते तेवढे सोपे नाही, आणि मराठीत असा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, लिहायला बसणाऱ्याने इथे थांबून नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते. ‘चांदणे’ हा शब्द आपल्यासाठी तीन अक्षरांचा आहे: चां, द, णे. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, हिशेबात मात्र तो ६ चिन्हांचा आहे, कारण च, काना, अनुस्वार, द, ण आणि मात्रा ही सर्व वेगवेगळी मोजली जातात. ही चिन्हे सुटी करून ढवळली की काना एकटाच पुढे येतो, पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून दिसतो, आणि अनुस्वार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘शब्दकोडे’ या चार अक्षरी शब्दाची लांबी प्रोग्राम ८ सांगतो. म्हणून आधी शब्दाचे अक्षरांत तुकडे करावे लागतात आणि जोडाक्षर, काना-मात्रा, अनुस्वार एकत्र बांधून ठेवावे लागतात. जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ‘ब्द’चेही दोन तुकडे करतात.

एवढी काळजी घेऊनही एके दिवशी गफलत झालीच. त्या दिवसाचा शब्द ‘तऱ्हा’ होता. एका ताईंनी सर्वांआधी अचूक उत्तर लिहिले, प्रोग्रामने ते चूक ठरवले आणि मत दुसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीला देऊन टाकले. ताईंनी शांतपणे विचारले, “माझे काय चुकले ते सांगाल का?” त्यांचे काहीच चुकले नव्हते. ‘तऱ्हा’मधला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेला र घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकायचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ती तुलना मला स्वतंत्र नियम लिहून दुरुस्त करावी लागली. ताईंची मी माफी मागितली आणि त्यांच्या प्रतिक्रियेला स्वतः मत दिले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. ताईंच्या प्रश्नाखाली आणखी काहीजण आले आणि आपापल्या फोनवर हा र कसा उमटतो, कोणत्या कळफलकावर तो सापडतच नाही, याबद्दल एकमेकांना सांगू लागले. कोडी सुरू केल्यापासून सहभागी मंडळी माझ्याशी सोडून आपापसांत प्रथमच बोलत होती. मग मी मागच्या पोस्टींकडे नीट पाहिले. प्रतिक्रिया भरपूर होत्या, पण बहुतेक एका शब्दाच्या. साखळीवर काही झाकून राहत नाही, त्यामुळे पहिले बरोबर उत्तर ब्लॉकमध्ये आले की त्याखाली तोच शब्द पुन्हा पुन्हा उतरवला जाई. शिवाय तीन अक्षरांच्या सर्व मिळून ६ मांडण्या होतात, आणि शब्दांची यादी हाताशी असलेला कोणाचाही प्रोग्राम त्या क्षणात तपासून पाहू शकतो. वेगाला बक्षीस ठेवून माणसांना मी अशा शर्यतीत उभे केले होते, जिच्यात विचार करायला थांबणारा हमखास मागे पडतो.

तेव्हा नियम बदलला. आता उत्तर लिहायचेच नाही. ज्याला उत्तर सापडले त्याने असे एक वाक्य लिहायचे, की ज्यात तो शब्द येणार नाही, पण तो ओळखलेल्याला खूण पटेल. यासाठी पूर्ण २४ तास असतात. ‘चांदणे’साठी एकाने लिहिले होते, “दिवे गेले की हे पहिल्यांदा लक्षात येते.” दुसऱ्याने त्याखाली लिहिले, “आमच्याकडे ढगांना विचारावे लागते.” ज्याला कोडे सुटलेले नाही तो ही वाक्ये वाचत वाचत उत्तराकडे सरकतो. वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मला सुरुवातीपासून हवे होते ते हेच.

उत्तर मी मागाहून बदलत नाही, याची खात्री पटावी म्हणून पोस्टमध्ये उत्तराचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, ज्यावरून उत्तर उलट काढता येत नाही, दिलेला असतो. नुसत्या शब्दाचा हॅश देऊन भागत नाही, कारण शब्दकोशातल्या सगळ्या शब्दांचे हॅश काढून कोणीही जुळवणी करू शकतो. म्हणून शब्दाला एक लांब, यादृच्छिक अक्षरमाला जोडतो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही उघड करतो.

कधीकधी एकाच मांडणीतून दोन शब्द निघतात. म, ग, र यांच्यातून ‘मगर’ निघतो आणि ‘गरम’ही. त्या दिवशी एकाने नदीचे वाक्य लिहिले, दुसऱ्याने भाजलेल्या जिभेचे, आणि ही दोन वाक्ये एका शब्दाची कशी असतील यावर बराच वेळ चर्चा रंगली, शेवटी एकाने दोन्ही उत्तरे आहेत हे ओळखले. आता प्रोग्राम दुसरे उत्तर संभवते का ते आधी तपासून मला कळवतो. ते राहू द्यायचे की नाही हे मी ठरवतो, आणि पुष्कळदा राहू देतो.

मतांचे गणित थोडक्यात सांगतो. पूर्ण वजनाच्या एका मताला मतशक्तीतील (मत देण्याच्या शिलकीतील) २ टक्के खर्च होतात आणि दिवसभरात २० टक्के भरून येतात, म्हणजे रोज १० पूर्ण मते हाती असतात. ती फार बारीक तुकड्यांत वाटून दिली तर उपयोग नसतो, कारण ०.०२ एचबीडीपेक्षा (एचबीडी हे हाइव्हचे डॉलरशी जोडलेले चलन) कमी मोबदला दिलाच जात नाही. म्हणून मला आवडलेल्या मोजक्या वाक्यांना वजनदार मत देतो, आणि त्यातले सर्वांत सुंदर वाक्य लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या पोस्टच्या मोबदल्यात वाटेकरी करतो. हा वाटा पोस्टला मते पडण्याआधीच नोंदवावा लागतो, त्यामुळे त्याच दिवशी तो देता येत नाही.

परिणाम कशावरून मोजायचा, असेही तुम्ही विचारले होते. साखळीवरील प्रत्येक प्रतिक्रियेसोबत ती कोणाच्या लेखनाला दिलेली आहे हे नोंदलेले असते. मी फक्त माझ्या पोस्टला नव्हे, तर सहभागींनी एकमेकांना दिलेल्या प्रतिक्रिया मोजतो. ज्या दिवशी ती संख्या शून्य भरते, त्या दिवशीच्या शब्दावर खूण करून ठेवतो. बहुतेक वेळा तो शब्द अवघड नसतो, कोरडा असतो. ‘तत्संबंधी’ किंवा ‘अनुषंगाने’ यांवर कोणाला वाक्य सुचणार? असे शब्द मी रविवारी यादी उघडून एकेक करून काढतो, आणि हे काम प्रोग्रामवर सोपवलेले नाही.