पाऊस संपला की येणारा ताप

पावसाळा लागला की सगळे अलर्ट मोडवर. डबकी बुजवा, टायर उलटे करा, लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, आणि दिवाळी झाली की हुश्श. पण आमच्या सिंधुदुर्गात, म्हणजे दोडामार्ग-बांदा पट्ट्यात, टेन्शन सुरूच होतं त्यानंतर, कारण माकडतापाला पाऊस नको असतो, त्याला कोरडं रान लागतं.

हा आजार पहिल्यांदा सापडला १९५७ ला, कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात. आधी माकडं मरायला लागली, मग माणसं तापाने पडली. आपल्याकडे २०१६ ला दोडामार्ग तालुक्यात आला, त्याच्या आदल्या वर्षी शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात होता. नाव माकडाचं असलं तरी पसरवते ती गोचीड, माकड बिचारं आपल्याआधी मरतं.

यात हवामानाचा संबंध कुठे ते बघा. पावसाळ्यानंतर गोचिडीची बारीक पिल्लं निघतात, त्यांची पुढची अवस्था म्हणजे निम्फ, आणि माणसाला चावतात ते मुख्यतः हेच, खसखशीएवढे असतात त्यामुळे चावलं तरी कळत नाही. यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे. आणि आपण नेमके याच दिवसांत रानात! काजूच्या बिया वेचायला खाली वाकून पाचोळ्यात हात घालायचे, लाकडं आणायची, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजायला, पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करायचा आणि तो डोक्यावरून घरी आणायचा. गुरं रानात चरून येतात ती वेगळीच, त्यांना स्वतःला काही होत नाही पण मोठ्या गोचिडींचं पोट त्यांच्यावर भरतं. जून आला, पाऊस धरला की केसेस आपोआप खाली येतात.

म्हणून मला वाटतं नुसतं 'जंगलात जाऊ नका' सांगण्यात काही अर्थ नाही. ज्याचं वर्षाचं गणित काजूवर आहे तो फेब्रुवारीत घरी बसून काय करणार? त्यापेक्षा फुल बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, गोचीड लांब ठेवणारं आरोग्य खात्याचं डीएमपी तेल अंगाला, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून डायरेक्ट आंघोळ. उकाड्यात हे सगळं घालणं म्हणजे शिक्षाच आहे, मान्य. पण पातेऱ्याचा ढीग घराच्या दारात लावू नका एवढं तरी जमण्यासारखं आहे. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं, कारण मेलेल्या माकडावरच्या गोचिडी तिथेच आजूबाजूला सुटतात.

अचानक जोराचा ताप, डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय, कधी हिरड्यांतून रक्त, असं असेल तर थांबू नका. यावर खास औषध नाहीये, पण वेळेत अ‍ॅडमिट झालं तर बहुतेक लोक बरे होतात. आणि बागेतून परत पुण्या-मुंबईला गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरला सांगा की मी काजूच्या बागेत जाऊन आलोय, नाहीतर डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली की व्हायरल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात.