तुरट

दुपारी चहाचे आधण उकळेपर्यंत खाव्यात म्हणून सफरचंदाच्या फोडी केल्या आणि त्यांचा विसर पडला. कप भरून आणला तेव्हा बशीतल्या फोडींवर चहाच्याच जातीचा तांबूस रंग चढलेला होता. हे साम्य वरवरचे नाही. फोड कापली काय किंवा चहाचे पान चुरगळले काय, पेशी फुटतात, आतली कॅटेचिनसारखी तुरट द्रव्ये आणि एक एन्झाइम हवेच्या साक्षीने एकत्र येतात आणि रंग पालटतो. हिरव्या चहाचे पान आधीच वाफवून किंवा भाजून त्या एन्झाइमचे काम थांबवतात, म्हणून त्यात कॅटेचिने पुष्कळशी शाबूत राहतात.

कॅटेचिन हे नाव खैराच्या कातावरून, म्हणजे 'कॅटेचू'वरून पडले, हे कळल्यापासून तो शब्द मला परका वाटत नाही. नावातच तुरटपणा आहे. तुरट ही चव असली तरी तिच्यात स्पर्शच अधिक, कारण अशी द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि जीभ खरखरीत होते.

लहानपणी आजोबा सफरचंद सोलत, तेव्हा साल अखंड उतरावी असा त्यांचा हट्ट असे. पातळ, लाल, आतून ओलसर अशी ती साल सुरीखालून लोंबत खाली येई आणि मी श्वास रोखून बघे. मात्र ते बाहेर गेले की आई सालीसकट फोडी देई, आणि मी गर खाऊन साली बशीच्या कडेला रचत असे. द्राक्षाची बीसुद्धा मी कधी चावली नाही. आता वाचतो तर ही द्रव्ये सफरचंदाच्या गरापेक्षा सालीत दाट, द्राक्षाच्या बीत तर भरपूर. जर्दाळू, चेरी आणि कोको यांतही ती असतात, फक्त कोकोचा कडवटपणा घालवण्यासाठी त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली की बरीचशी जातात. ज्याला एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट असे दमछाक करणारे नाव आहे, ते कॅटेचिन मात्र चहाच्या पानातच विपुल; फळांत नावापुरते.

आणि चहा तरी मी कसा पितो? तुरटपणा मरावा म्हणून भरपूर दूध घालून. दुधातले केसिन नावाचे प्रथिन या द्रव्यांना धरून ठेवते आणि जिभेची सुटका होते. जन्मभर नेमके तेवढेच टाळत आलो, असा हिशेब मांडत मी तांबूस पडलेल्या फोडी संपवल्या. साली बशीच्या कडेला राहिल्या.