आत्याबाईंच्या मिशा

आयोवा सिटीत राहायला आलं की दोन गोष्टी अंगवळणी पडतात: थंडी आणि हॉकआइजच्या ऑफेन्सबद्दलची कुरकुर. थंडीबद्दल इथली माणसं फारसं बोलत नाहीत. ऑफेन्सबद्दल मात्र वाणसामानाच्या रांगेतही बोलतात. माझा दातांचा डॉक्टर तर माझं तोंड उघडं ठेवून बोलतो, म्हणजे उलट बोलायची सोय नाही.

हॉकआइज म्हणजे आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. ऑफेन्स म्हणजे चेंडू पुढे नेणारी फळी, डिफेन्स म्हणजे समोरच्याला अडवणारी. या खेळातलं एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, आणि जमत नाहीसं दिसलं की चेंडू लांब लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा. या लाथाडण्याला पंट म्हणतात. 2023 च्या मोसमात मेलबर्नहून आलेल्या आमच्या टोरी टेलरने 93 पंटमध्ये 4,479 यार्ड मारून 1938 पासूनचा विक्रम मोडला. पंटर विक्रम करतो तेव्हा बाकीच्यांनी किती वेळा हात टेकले असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पंट म्हणजेच विजय, असं लिहिलेले टी-शर्ट लोक अभिमानाने घालत.

माझ्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये शनिवारी ग्रिल पेटतं आणि त्याच्या आधी वाद पेटतो. आजोबा संघाच्या बाजूचे, जावई विरोधी पक्षाचा.

‘‘दहा सामने जिंकलो ना रे?’’

‘‘जिंकलो. पण बघवले का?’’

दोघांचंही खरं. त्या वर्षी संघ 10-4, आणि एकूण यार्डांत ऑफेन्स देशात तळाला. सामन्याला सरासरी 15.4 गुण. नॉर्थवेस्टर्नला हरवलं ते 10-7 असं.

मग आजोबा ठेवणीतलं अस्त्र काढतात: नसलेले खेळाडू. सप्टेंबरात टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि पासही झेलणारा, लूक लॅचीचा घोटा गेला. महिनाअखेरीला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, केड मॅकनमाराचा गुडघा. ऑक्टोबरात एरिक ऑलचा गुडघा. नोव्हेंबरात सरावात कूपर डीजीनचा पाय मोडला. तो खरं तर डिफेन्सचा, पण पंट परत आणताना एकहाती सामना फिरवायचा, म्हणून त्यालाही यादीत घेतात. मिनेसोटाविरुद्ध त्याने चेंडू थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे, पळवला होता. त्याआधी त्याने केलेला हातवारा नियमात बसत नाही म्हणून पंचांनी टचडाउन रद्द केला आणि सामना 12-10 ने गेला. त्या हातवाऱ्याची नक्कल आजोबा अजून करतात, हातात चिमटा असला तरी.

‘‘ही पोरं असती तर...’’ असं आजोबा सुरू करतात. आत्याबाईला मिशा असत्या तर, हे मी मनातल्या मनात पुरं करतो. मला वाटतं, जखमी खेळाडू चाहत्यांना इतका प्रिय असतो तो उगाच नाही. तो कधी पास चुकवत नाही, त्याच्या हातून चेंडू सुटत नाही. दर आठवड्याला त्याचा खेळ सुधारतच जातो.

आता 2022 घ्या. त्या वर्षी मॅकनमारा आयोवात आलाच नव्हता, तरी यार्डांत आम्ही 131 संघांत 130वे. पहिलाच सामना साउथ डकोटा स्टेटशी, 7-3 ने जिंकला. सात म्हणजे एका टचडाउनचे सहा आणि वरचा एक गुण, असं कुणालाही वाटेल. छे! एक फील्ड गोल, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडणं, आणि दोन सेफ्टी, म्हणजे समोरच्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे पाडणं. तीन अधिक दोन अधिक दोन. त्यातले चार गुण चक्क डिफेन्सने मिळवलेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आडाची मालकी कुणाकडे, यावर जावई तुटून पडतो. मुख्य कोच कर्क फेरेंट्झ 1999 पासून गादीवर, आणि 2017 ते 2023 ऑफेन्सचा कारभार चिरंजीव ब्रायनकडे होता. घरच्याने घरच्याचा साहेब व्हायचं नाही, असा नियम असल्याने कागदोपत्री ब्रायनचे साहेब वडील नव्हते, तर ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या खेळांचे प्रमुख. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. 2023 ला ब्रायनच्या करारातच घातलं होतं की सामन्याला सरासरी 25 गुण आणि निदान सात विजय हवेत. गंमत म्हणजे डिफेन्सने केलेले गुणही त्यात धरायचे होते. तेही पुरले नाहीत. ऑक्टोबर संपता संपता, मोसम चालू असतानाच, पुढच्या वर्षी ब्रायन नसेल असं जाहीर झालं.

पुढच्या वर्षी ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आला. केलेब जॉन्सन चेंडू घेऊन 1,537 यार्ड धावला, सरासरी 25 च्या वर गेली, मॅकनमाराही बरा होऊन परतला. विजय मात्र आठच. जावई खूश असेल असं वाटून मी मुद्दाम गॅरेजमध्ये डोकावलो.

‘‘धावतात ठीक,’’ तो बर्गर उलटत म्हणाला, ‘‘पण पासिंग कुठंय?’’

आजोबांनी रेडिओचा आवाज वाढवला आणि डिफेन्समधून कोण कोण गेलंय ते बोटांवर मोजायला घेतलं.